मामा एक फेरी आधीच जागा झाला

ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली तेव्हा तो मेलेला होता.

सकाळच्या तुकडीने त्याला वाचवायचा मनापासून प्रयत्न करून अखेर मारलं होतं, आणि दुपारची तुकडी यायला अजून अवकाश होता. म्हणून तो काचेमागच्या आपल्या छोट्या खोलीत बसून डबा खात होता. ती काच अशी होती, की आतून बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्वतःचा चेहरा दिसावा. बाहेर नर्सिंग कॉलेजचा प्रशिक्षण कक्ष. मधोमध एक पलंग, आणि पलंगावर पुरुषभर उंचीचा रबरी पुतळा. त्याची छाती वर-खाली होई, मनगटात नाडी लागे, डोळे मिटत-उघडत, आणि हृदय बंद पडायचं असेल तेव्हा अगदी वेळापत्रकाप्रमाणे पडे. विद्यार्थिनी त्या पुतळ्याला ‘मामा’ म्हणत. काचेमागे बसून मामाची नाडी, श्वास आणि कण्हणं चालवणारा हा जो तरुण होता, त्याला त्या ‘आत्मा’ म्हणत. कुडी पलंगावर, आत्मा काचेमागे. हिशेब सरळ होता.

खरं तर आत्म्याला नोकरी मिळाली होती ती यंत्रदुरुस्तीची. पण मामाला आवाज देणारे गृहस्थ निवृत्त झाले, आणि शिकवणाऱ्या बाई त्याला म्हणाल्या, “तुझा आवाज मुळातच बरा आजारी वाटतो. तूच बोल.” तेव्हापासून तो रोज चार-पाच वेळा छातीत दुखतंय म्हणून कळवळे आणि मरे. घरी याचा जरा त्रासच होता. स्थळ बघायला आलेल्यांना आई मोठ्या तोऱ्यात सांगे, “हॉस्पिटलकडेच असतो तो.”

“डॉक्टर का?”

“नाही,” आई नाइलाजाने म्हणे, “पेशंट.”

तर त्या दुपारी ती आत आली, दार लोटलं, आणि कमरेवर हात ठेवून पलंगापाशी उभी राहिली.

“मामा, थोडी तरी लाज?”

मामा अर्थातच गप्प.

“काल सगळ्यांसमोर मला नापास केलंत. काय बिघडलं असतं हो, परत आला असतात तर? ती छाती दाबणारी पोरगी दमली होती. उशी थोपटल्यासारखं करत होती नुसतं. मी तिला बाजूला केलं आणि स्वतः दाबलं. चांगलं दाबलं! घाम निथळला माझा. तरी तुम्ही आपले गेलात ते गेलात. आता सांगा, चुकलं काय माझं?”

बोलता बोलता तिने मामाच्या अंगावरची चादर सारखी केली, कॉलर नीट बसवली. इतक्या रागात कोणी कोणाची कॉलर नीट करताना आत्म्याने पाहिलं नव्हतं. त्याला घास लागला. तो खोकला. माईक सुरूच होता.

मामा खोकला.

ती दोन पावलं मागे उडाली... पण पुढच्याच क्षणी तिचा हात सवयीने मामाच्या मानेवर होता. “नाडी नाही, आणि खोकता कसे?”

“नाडीचं बटण बंद आहे,” मामा ओशाळून म्हणाला.

ती हळूच काचेकडे वळली. काचेत तिला तीच दिसली, लाल झालेली.

“तुम्ही सगळं ऐकलंत?”

“मी डबा खात होतो.”

“ते नाही विचारलं.”

“ऐकलं,” मामा म्हणाला.

“मग उत्तर द्या. चुकलं काय माझं?”

मामा म्हणाला, “तुम्ही छाती दाबत होतात तेव्हा मॉनिटरवर काय होतं?”

तिची नजर पलंगाशेजारच्या बंद मॉनिटरकडे गेली.

“लय बदलली होती माझी. शॉक द्यायची वेळ होती. पण तुकडीच्या पुढारी तुम्ही, आणि तुम्ही तर खाली मान घालून दाबत होतात. बघायला कोणीच नव्हतं. मी वाट पाहून पाहून मेलो.”

तिने मामाची चादर पुन्हा एकदा सारखी केली. मग “जेवा तुम्ही,” एवढंच म्हणून निघाली. दारातून पुन्हा डोकावली. “आणि चमचा आपटू नका डब्यावर. माईक चालू आहे.”

*

वर्गात तिला ‘देइकडे’ म्हणत. नवीन येणाऱ्याला ते आडनावच वाटे. चार भावंडांत थोरली; आई-वडील दोघंही नोकरीवर; धाकट्यांच्या बुटांच्या नाड्या, गणितं आणि भांडणं हे सगळं ‘तुला नाही जमत, दे इकडे’ या एका वाक्यावर तिने निभावलं होतं. सलाईन लावण्यात, सुई टोचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अडचण एकच होती. थांबलेलं हृदय चालू करायच्या या अभ्यासक्रमात शेवटची परीक्षा पुढारीपणाची होती, आणि पुढाऱ्याने हात लावायचाच नसतो. एकीने छाती दाबायची, एकीने श्वास द्यायचा, एकीने औषधं, एकीने शॉकचं यंत्र. पुढाऱ्याने पायथ्याशी उभं राहायचं, सगळं बघायचं आणि सांगायचं. त्याने सांगितलेलं समोरच्याने मोठ्यांदा म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकलं की नाही याचा वाद नको.

“पुढारी झालं की हात मागे आणि डोळे उघडे,” बाई सांगत. “बाहेर याच्या उलट चालतं. म्हणून तर तिथे कशातच धुगधुगी नाही.”

ही परीक्षा पास झाल्याशिवाय हृदयविकाराच्या अतिदक्षता विभागात उभं करत नसत. आणि तिला जायचं होतं ते तिथेच. तिला अजून एक संधी होती.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ती पुन्हा हजर.

“आत्मा, आहात का?”

“मी कुठे जाणार? माझी कुडी इथेच आहे.”

“मला सराव करायचाय. माणसं नाहीत, खुर्च्या मांडते.”

तिने मामाभोवती खुर्च्या मांडल्या, हात पाठीमागे बांधले, आणि एका खुर्चीला म्हणाली, “तुम्ही छाती दाबा. दोन मिनिटांनी बदली.”

खुर्चीने काय म्हणून दाखवायचं? मग आत्माच वरच्या पट्टीत बोलला, “हो सिस्टर, छाती दाबते, दोन मिनिटांनी बदली.” श्वासाच्या खुर्चीला त्याने घोगरा आवाज दिला, औषधाच्या खुर्चीला जरा आळशी. पुढाऱ्याला हसू फुटलं.

“हसताय काय? मी मरतोय इकडे.”

“मरा हो, पण त्या औषधवालीला जरा चटपटीत करा. माझ्या तुकडीत अशी ढिली माणसं चालायची नाहीत.”

“खुर्चीचा एक पाय मोडका आहे तिच्या. सांभाळून घ्या.”

मग रोजच असं व्हायला लागलं. आत्म्याचा डबा गार पडू लागला. तिला काही सांगायचं असलं की ती काचेकडे बघून सांगे, आणि तिच्या एका भुवईपाशी लहानसा व्रण होता तो रागात असली की आधी दिसे, हे त्याला तोंडपाठ झालं. कधी ती काचेत बघून केसांची पिन काढून पुन्हा खोची. हे चार-पाच दिवस झाल्यावर त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली.

“एक सांगून ठेवतो,” मामा चाचरत म्हणाला. “तुम्ही काचेत बघून केस नीट करता ना... तेव्हा मी इकडे असतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि पिन दातात धरून केस नीट करत राहिली.

त्या दुपारी मामाचं हृदय वेळापत्रक सोडून भलतंच धावलं. बटणावर कोपर पडलं होतं.

मग एकदा तो चहाचे दोन कप घेऊन बाहेरच आला. तिने त्याला नखशिखांत पाहिलं. चष्मा, बारीक अंगकाठी, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर.

“तुम्ही एवढेच?”

“म्हणजे?”

“आवाजावरून पन्नाशीचे, दमेकरी वाटता.”

“तो अभिनय आहे.”

“चांगला करता,” ती म्हणाली. “कण्हताना तर मला दरवेळी वाटतं... जाऊ दे.”

“काय वाटतं?”

“जाऊ दे म्हटलं ना.” ती कपात बघत राहिली. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, “मी इतकी मागे का लागलेय, सांगू? गेल्या वर्षी वॉर्डात एक आजोबा होते. खरे. त्यांचं हृदय थांबलं तेव्हा आम्ही सगळे धावलो. मी छाती दाबली. कोणी सलाईन बघत होतं, कोणी सुई. सगळे काहीतरी करत होते, झटून करत होते. आणि ऑक्सिजनची नळी निसटलेली होती. आम्ही कितीतरी वेळ... बघत कोणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तसेही गेलेच असते. असतील. पण मला ते ‘तसेही’ नको आहे, आत्मा. तिथे हात मागे बांधून मला उभं राहता येतं का, ते मला माहीत करून घ्यायचंय. सर्टिफिकेटचं काय, ते भिंतीवर लागतं.”

चहा गार झाला. त्याला तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला. त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि उगाच बघत बसला.

*

परीक्षेच्या दिवशी तिची तुकडी आत आली. बाई कोपऱ्यात उभ्या. आत्मा काचेमागे, समोर कागद: तिसरा शॉक, मग पुढाऱ्याने दुसरं औषध सांगायचं, ते दिलं की पुढच्या दोन मिनिटांच्या फेरीत मामा परत येणार. त्याआधी नाही.

ती पायथ्याशी उभी होती. हात मागे. पहिला शॉक, दुसरा, पहिलं औषध, सगळं बिनचूक. आवाज शांत. काचेमागे त्याचं बोट कागदावरच्या ओळींवरून पुढे सरकत होतं. तिसरा शॉक झाला. छाती दाबणारी मुलगी खरोखर दमली होती, कोपरं वाकायला लागली होती तिची. त्याला इथून तिची पाठ दिसत होती, आणि पाठीमागचे हात. ते हात सुटले. एक बोट, मग दुसरं... उजवा पाय किंचित पुढे सरकला. ‘दे इकडे’ आता तिच्या जिभेवर आलं असणार.

त्याने विचार केला नाही. त्याने बटण दाबलं.

मॉनिटरवर सुंदर, सुरळीत लय धावायला लागली. मामा कण्हला. मुली ओरडल्या, “आला! परत आला!”

“यंत्र जुनं झालंय आपलं,” बाई म्हणाल्या. “जरा आधीच उठला. असू दे, तू छान चालवलंस. पास.”

टाळ्या पडल्या. तिने मात्र टाळी वाजवली नाही. ती काचेकडे बघत होती, आणि भुवईपाशी तो व्रण दिसत होता.

सगळ्या गेल्यावर तिने थेट खोलीचं दार उघडलं. आजवर ती कधी आत आली नव्हती.

“मी दुसरं औषध सांगितलं नव्हतं.”

“येतात कधीकधी असे पेशंट...”

“खरे येतात. मामा येत नाही. मामा तुम्ही आणता तेव्हा येतो.”

त्याने समोरचा कागद उलटा केला.

“का आणलंत?”

“तुमचे हात सुटले होते,” तो म्हणाला. “तुम्ही पुढे जाणार होतात. पुन्हा नापास झाला असतात. मला बघवेना.”

“जाणार होते?” ती जवळजवळ कुजबुजलीच. “तुम्हाला कसं माहीत? कदाचित गेले असते. कदाचित पाय मागे घेतला असता. तेच तर बघायचं होतं मला! आता ते मला कधी कळणार? सांगा ना. पहिल्या खऱ्या पेशंटसमोर?”

“मी फक्त मदत...”

“महिनाभर मी हात आवरायला शिकतेय,” ती म्हणाली, “तुमच्यासमोर. तुमच्याकडूनच. आणि तुम्हाला तुमचं एक बोट आवरता आलं नाही.”

ती गेली. दार आपटलं नाही. अगदी अलगद लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तो त्या बटणाकडे बघत बसला. प्रेमात माणूस काय काय करतो, याच्या त्याने ऐकलेल्या गोष्टींत कोणी कोणासाठी समुद्र ओलांडी, कोणी राज्य सोडी. आपण रबरी माणूस जिवंत केला, आणि तोही चुकीच्या वेळी. मग तो उठला आणि बाईंच्या खोलीकडे गेला.

“यंत्राला काही झालेलं नाही,” त्याने सांगितलं. “मी उठवला मामाला.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “यंत्र बिघडलं तर मी तुला बोलावते. तू बिघडलास तर कोणाला बोलावू?”

“चूक झाली.”

“चूक नाही झाली. तू तिला वाचवायला गेलास. उद्या हिच्यासमोर कोणाचा तरी बाप पडलेला असेल. तिथे बटण दाबायला जाशील का? तिथे बटण असतं का रे?”

“नाही.”

“तिला माहीत आहे, तू इथे आलायस?”

“नाही.”

बाईंनी चष्मा परत लावला. “काढून टाकायला हवं तुला. पण तुझ्याइतकं बरं मरणारं दुसरं कोणी माझ्याकडे नाही. उद्या परीक्षा परत. यंत्र मी चालवीन. तू बाहेर. छाती दाबायला.”

“मला धड येत नाही, बाई. एकदाच शिकवलंय.”

“म्हणूनच.”

*

दुसऱ्या दिवशी तिने त्याला पलंगाशी, बाह्या वर केलेला पाहिला, आणि तिचा चेहरा कोराच राहिला.

“तुम्ही छाती दाबा,” ती म्हणाली.

“छाती दाबतो.”

इतकी वर्षं तो मामाच्या आत होता. बाहेरून मामा किती कडक आहे याची त्याला कल्पना नव्हती. थोड्याच वेळात दंड भरून आले. चष्मा नाकावरून घसरला, आणि हात मोकळा नव्हता.

“दाब उथळ होतोय. खोल.”

“खोल... दाबतो.”

“वर येताना छाती पूर्ण सोडा. टेकू नका.”

“पूर्ण सोडतो.”

शॉक. पुन्हा दाब. दुसरा शॉक. तिच्या इशाऱ्यावर दुसरी मुलगी आली, मग पुन्हा त्याची पाळी. तिसरा शॉक झाला. मान वर करायची सोय नव्हती. चादरीच्या कडेखालून त्याला फक्त तिचे पांढरे बूट दिसत होते. त्याची कोपरं वाकायला लागली. त्यालाच कळत होतं की आपण आता उशी थोपटतोय.

उजव्या बुटाची टाच उचलली गेली.

त्याने डोळे मिटले नाहीत. मनात काही मागितलंही नाही. मागितलं असतं तर ती पुन्हा ढवळाढवळच झाली असती. तो फक्त जमेल तेवढं खोल दाबत राहिला. टाच हवेत होती... अजून हवेत... आणि मग ती सावकाश, अगदी सावकाश जमिनीवर टेकली.

“तुम्ही दमलात,” ती म्हणाली. आवाज किंचित कापला, पण उभा राहिला. “आत्ताच बदली. दुसऱ्या सिस्टर, पुढे या. श्वास चालू ठेवा. औषधवाल्या सिस्टर, दुसरं औषध द्या. आणि ऑक्सिजनची नळी कोणीतरी हाताने तपासून मला सांगा.”

“नळी जागेवर,” कोणीतरी म्हणालं.

“औषध दिलं.”

तो भिंतीला टेकून धापा टाकत होता, आणि आता त्याला ती पूर्ण दिसत होती. हात मागे घट्ट. बोटांची पेरं पांढरी. नजर मात्र फिरत होती: मॉनिटर, नळी, हात, पुन्हा मॉनिटर. घाबरली होती ती, दिसत होतं. आणि बघत होती.

शॉक. दाब. तपासणी. बाई मामाला लवकर सोडायला तयार नव्हत्या. आणखी एक फेरी त्यांनी त्याला तसाच ठेवला. ती हलली नाही. अखेर मॉनिटरवर लय उमटली, मानेला नाडी लागली, आणि मामा बाईंच्या खणखणीत आवाजात म्हणाला, “किती वेळ लावलात गं पोरींनो!”

सगळ्या इतक्या हसल्या, की ‘पास’ हा शब्द नीट ऐकूच आला नाही. तिने मागचे हात सोडवले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते कोणीतरी उसने दिले होते.

*

संध्याकाळी तो बसस्टॉपवर उभा होता. दंड इतके दुखत होते की पिशवी त्याने पायापाशी ठेवली होती. वारा सुटला होता, कोपऱ्यावरच्या दुकानाची ताडपत्री फडफडत होती. ती येऊन शेजारी उभी राहिली.

“बाईंकडे स्वतःहून गेलास म्हणे.”

“हो.”

“नोकरी गेली असती तर?”

“आई खूश झाली असती,” तो म्हणाला. “पेशंट बरा होऊन घरी आला.”

तिला हसायचं नव्हतं. हसू आलंच.

“राग गेला का?” त्याने विचारलं.

“थोडा ठेवलाय.” ती रस्त्याकडे बघत होती. “तुला बघून टाच उचलली माझी. दुसरं कोणी असतं तर कदाचित नसती उचलली. चष्मा घसरलेला, तोंड लालबुंद... मला वाटलं, हा पडतोय आता. इतकं अवघड मला कधीच काही गेलं नाही. अख्ख्या परीक्षेत तू सगळ्यात अवघड होतास.”

“म्हणजे,” तो अडखळला, “म्हणजे... मला जे वाटतंय ते...”

“पूर्ण बोल की. मामाच्या तोंडून तर धडाधड बोलतोस.”

“मामाला नोकरी आहे. मला भीती वाटते.” त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मला तुम्ही आवडता. खूप. बटण त्या आवडण्यानेच दाबलं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर एवढी चिडले. परक्याने दाबलं असतं तर तक्रार करून मोकळी झाले असते.” मग हळूच, “मलाही आवडतोस. पण ऐक. पहिल्या तारखेपासून मी त्या विभागात. तिथे सगळेच परत येत नाहीत. एखाद्या दिवशी मी घरी येईन ती अशी येईन, की तुला बघवणार नाही. तेव्हा मध्ये पडायचं नाहीस. काही ठीकठाक करायला जायचं नाहीस.”

“मग मी काय करायचं?”

“जवळ उभं राहायचं.”

“नुसतं?”

“नुसतं म्हणतोस? करून बघ एकदा.”

बस आली. दार उघडलं, दोघंतिघं चढले, ड्रायव्हरने या दोघांची जरा वाट बघितली, मान हलवली आणि बस नेली. ती चढली नाही. त्याने ‘अहो, बस’ असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिचा खांदा त्याच्या दुखऱ्या दंडाला लागला आणि तिथेच राहिला. दुखलं. तो हलला नाही.

“जमतंय की,” ती म्हणाली.